मानस उघडायला कुणी विसरलं म्हणून शेत बुडत नाही

सध्या गोव्यातल्या खाजनांबद्दल, म्हणजे नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या सखल शेतजमिनींबद्दल, एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे मानस, म्हणजे त्या बांधातली पाण्याची लाकडी दारं, ही पोर्तुगीजांनी बसवलेली जुनाट गोष्ट, पावसात राखणदार ती उघडायला विसरतो आणि शेतं बुडतात, तेव्हा ती काढा आणि मोटरवर चालणारे लोखंडी गेट बसवा. हे वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

पोर्तुगीजांचं आधी. ते आले 1510 साली, आणि 1526 मध्ये त्यांनी गांवकारीचे, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या संस्थेचे, रीतिरिवाज लिहून घेतले, म्हणजे ते आधीपासून चालू होतेच ना! बांदोड्याच्या ताम्रपटात तर साधारण सहाव्या शतकातच खज्जन जमिनीचा उल्लेख येतो.

आता विसरण्याचं. अहो, पावसाळ्यात भरती-सुकतीला (सुकती म्हणजे ओहोटी) मानशीची दारं कुणी हातानं उघडत नाही की लावत नाही. भरती चढली की नदीचं पाणी दारांना आत रेटतं, ती चौकटीला घट्ट बसतात, सुकती लागून बाहेरची पातळी खाली गेली की आतलं पाणी तीच दारं बाहेर ढकलतं आणि नदीत उतरतं, असं दिवसातून दोनदा. पाणी फिरायच्या वेळी एकदा मानशीवर उभं राहून बघा, नदीकडे निघालेला पालापाचोळा दारापाशी येऊन थबकतो, दारं जागच्या जागी हलत राहतात, आणि मग धप्पकन बसतात, फक्त फटीतून पाणी झिरपत राहतं. माणूस लागतो तो दारात अडकलेला ओंडका काढायला, कुजलेली फळी बदलायला.

मग शेत का बुडतं? ऐन भरतीत जोराचा पाऊस झाला तर दारं बंदच हवीत, नाहीतर खारं पाणी आत. तेवढ्या तासांचं पावसाचं पाणी धरायला असते पोंय, मानशीच्या आतला खोलगट भाग. ती गाळानं भरली किंवा कुणी मातीचा भराव टाकून बुजवली की पाणी शेतातच पसरणार, दार कुठलंही लावा.

मोटरचं तर काय बोलायचं. वादळात पहिली वीज जाते, खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, आणि आज जी विसरायची भीती खोटी आहे ती मोटर बसवल्यावर खरी होईल, कारण मग बटण दाबायला माणूस लागेल.

मेसेजमध्ये जे नाही ते सांगतो. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि काही ठिकाणी मासे आत यावेत म्हणून भरतीला दारं मुद्दाम उघडी ठेवतात. कोरगुट भात खारटपणा सोसतं पण त्यालाही मर्यादा आहे, आणि एकदा जमीन खारावली की ती धुऊन निघायला पुढचा पाऊस लागतो. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांध-मानशीची देखभाल कोमुनिदादींकडून (गांवकारीचंच पोर्तुगीज नाव) कूळ संघांकडे गेली, बऱ्याच गावांत पावणीचे पैसे येतात पण दुरुस्ती मागे राहते. म्हणून आमच्या गावच्या पुढच्या मीटिंगला मी दोन गोष्टी मागणार आहे, भरतीत दार उघडं ठेवणाऱ्याला दंड, आणि पावसाआधी पोंय उपसायला पावणीतला ठरलेला हिस्सा.