एडिथच्या मरणाचा हिशेब इतका सोपा नाही

धरमपेठेतल्या आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हापुन्हा येतोय. १९६७ साली दाखवल्या गेलेल्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेतल्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' या भागाचा दाखला देऊन त्यात तीन गोष्टी सांगितल्यात. शांतीवाले देश बुडवतात. यानाचा कप्तान कर्क याने एक जीव देऊन लाखो वाचवले, साधा हिशेब. आणि यानावरचा डॉक्टर मॅकॉय भावनेच्या भरात सगळं बिघडवणारा मूर्ख. मला यातलं काहीच पटत नाही.

गोष्ट अशी. औषधाच्या अतिमात्रेने भ्रमिष्ट झालेला मॅकॉय काळाच्या दारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातो आणि इतिहास बदलतो. तिथे एडिथ कीलर गोरगरिबांना जेवू घालते. मूळ इतिहासात ती रस्त्यावरच्या अपघातात मरते; मॅकॉयने तिला वाचवलं, तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरणार आणि अणुबॉम्ब आधी जर्मनीच्या हाती पडणार. मॅकॉयला रोखायला कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक मागोमाग येतात. कर्क एडिथच्या प्रेमात पडतो, आणि तिलाच मरू द्यावं लागणार हे त्याला नंतर कळतं.

शांतीचं म्हणाल, तर कर्क स्वतःच म्हणतो की एडिथ बरोबर होती. स्पॉकही नाकारत नाही. वेळ चुकीची होती, एवढंच सांगतो. आपल्या नागपुरात तरी हा फरक कळायला जड जाऊ नये. नाझींचा पराभव व्हायलाच हवा असं मानून १९४२ मध्ये, ऐन युद्धात, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षाभूमीवर बुद्धाचा धम्म स्वीकारला. त्यांना शांतीवाले म्हणून हिणवाल का?

हिशेबाचा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. स्पॉकच्या यंत्रात दोन्ही इतिहास नोंदलेले होते, एडिथ मेली तो आणि जगली तोही. पुढे काय होणार हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. असं यंत्र आपल्यापैकी कोणाकडे आहे? 'अमक्याचा बळी गेला तरी चालेल, पुढे भलं होईल' असं म्हणणाऱ्याकडे फक्त अंदाज असतो, आणि मरणारा माणूस मात्र खराखुरा असतो. बरं, एवढी खात्री असूनही कर्कचे पाय एडिथकडे वळतातच. स्पॉक ओरडतो म्हणून तो थांबतो. त्याआधी जिन्यावर ती घसरली, तेव्हा त्याने तिला सावरलंच होतं.

मॅकॉयला यातलं काही ठाऊक नव्हतं. आजारपणात ज्या बाईने सांभाळलं, ती गाडीखाली येतेय एवढंच त्याला दिसलं. डॉक्टर धावणार नाही तर काय करणार? कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. आपण काय केलंत ते कळतंय का, असं तो कर्कला विचारतो, तेव्हा उत्तर स्पॉक देतो: त्याला कळतंय.

परत आल्यावर ते काळाचं दार आणखी प्रवास घडवायला तयार असतं. लाखो जीव वाचवलेला कर्क फक्त एवढंच म्हणतो, की इथून निघूया.