जेवणानंतर घेतली तरी मूत्रपिंडाला ती गोळीच

वेदनाशामक गोळी जेवणानंतर घेतल्यास निर्धोक ठरते, हे वेदनाशामकांवरच्या एका लेखातील विधान मला पटले नाही. जेवणाने फार तर पोटातली जळजळ कमी होते; मूत्रपिंडाला त्याचा काही उपयोग नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, आणि मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या रुंद ठेवण्याचे काम याच द्रव्यांकडे असल्यामुळे, शरीरातील पाणी घटलेले असताना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारे औषध चालू असताना हा रक्तपुरवठा एकाएकी कमी होऊ शकतो. माझ्या वडिलांचे नेमके हेच झाले. गुडघेदुखीसाठी दहा-बारा दिवस गोळ्या (त्याही न चुकता जेवणानंतरच), मध्ये दोन दिवस जुलाब, आणि रक्तातले १.१ असलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे द्रव्य) २.४ वर गेले. गोळ्या बंद केल्यावर ते उतरले, पण तीन आठवडे लागले.

पॅरासिटामॉलची प्रौढांसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा लेखात बरोबर दिली आहे. मात्र सर्दीच्या अनेक संयुक्त गोळ्यांतही हेच औषध असते, आणि वेष्टनामागची बारीक अक्षरे वाचली नाहीत तर यकृताच्या वाट्याला नकळत दुप्पट मात्रा येते.