काकूंची नोंद

आमच्या कुळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हेरवाडचा विषय परत निघाला. विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे 2022 मध्ये केला. त्यावर दादांनी लिहिलं, "ही सगळी परदेशी खुळं. तुम्ही तिकडे राहून हेच शिकलात."

दादा, मी इंग्लंडमधल्या शेफील्डला राहते. इथून तासाभरावर चॅट्सवर्थ आहे, डेव्हनशरच्या ड्यूकचा वाडा. तिथल्या डचेस, म्हणजे ड्यूकच्या पत्नी, डेबोरा कॅव्हेंडिश 2004 साली विधवा झाल्या. कागदोपत्री त्या 'डाउजर डचेस' झाल्या. ड्यूकच्या विधवेने पुन्हा लग्न केलं नाही, तर तिचं पद असं शेवटपर्यंत तिच्याकडे राहतं. पण वाडा मुलाकडे गेला आणि त्या शेजारच्या एडेन्सर गावातल्या जुन्या पाद्रीघरात राहायला गेल्या. शिवाय हे ड्यूकपद मुलीला आजही मिळत नाही. त्यामुळे इथे सगळं आलबेल आहे, असं मी मुळीच म्हणत नाही.

तरी या बाईंचं चरित्र मला मोलाचं वाटतं. जन्म 1920 चा. माहेरच्या मिटफर्डांच्या सहा मुलींत धाकट्या, लग्नही ड्यूकच्या धाकट्या मुलाशी. थोरला दीर 1944 मध्ये बेल्जियमच्या लढाईत पडला आणि वारसा यांच्या घरात आला. 1950 मध्ये सासरे गेले. वारसा कर बसला 80 टक्के! जमिनी, चित्रं गेली, हार्डविकचा वाडाही सरकारच्या हवाली करावा लागला. चॅट्सवर्थ मात्र या बाईंनी लोकांना बघायला येण्यासारखं करून जगवलं. 1977 मध्ये शेतमालाचं दुकान काढलं. कोंबड्या पाळण्याचा नाद तर म्हातारपणापर्यंत सुटला नाही.

तो गेलेला हार्डविकचा वाडा एकदा बघाच. कॅव्हेंडिशांची मूळ आजी बेस, म्हणजे एलिझाबेथ, हिने तो बांधला. चार लग्नं, चारही नवरे तिच्या आधी गेले. चौथ्याच्या मागे, 1590 च्या दशकात, सत्तरीकडे झुकलेल्या या विधवेने वाडा उभा केला आणि बुरुजांच्या माथ्यावर स्वतःची आद्याक्षरं दगडात कोरून घेतली. ई. एस., एलिझाबेथ श्रूजबरी. खाली बागेत उभं राहिलं तरी ती आभाळावर स्पष्ट वाचता येतात. त्या घराण्याची वंशावळ सांगणारा कुणीही बेसपासूनच सुरुवात करतो.

आता आपला कुळवृत्तांत उघडा. काकांच्या नावापुढे आहे: 'पिठाची गिरणी. निधन 1979. पत्नी, दोन मुलगे.' पत्नीला नाव नाही. काका गेल्यावर गिरणी कुणी चालवली? पहाटे पाचला पट्टा चढवणाऱ्या, भुवयांपर्यंत पिठाने पांढऱ्या झालेल्या काकू मी पाहिल्यात. सव्वीस वर्षं त्या राबल्या, दोन्ही मुलं त्यावरच शिकली. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्याच काकू माजघराचं दार लोटून आत बसायच्या. आम्ही पोरी वाण घेऊन त्या दारावरून जायचो, कुणी आत डोकावायचं नाही.

हेरवाडकरांनी हे असलं माजघराचं दार उघडलं. ते करताना त्यांनी लंडनला विचारलं नव्हतं, दादा. आपल्याच पंचगंगाकाठचं ते शहाणपण आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

वृत्तांताची नवी आवृत्ती तुमच्याकडे आहे. काकूंची नोंद मी काल पाठवली: पूर्ण नाव, माहेरचं आडनाव, गिरणी 1979 ते 2005. ती काकांच्या ओळीत घुसवू नका, वेगळी छापा.