टेराफ्लॉप आणि माधवी

विषय प्रशांतनेच काढला. निन्टेंडोचा स्विच २ हा गेम कन्सोल पहिल्या चार दिवसांत ३५ लाख खपला, ते त्याला अजून पचलेलं नाही. "लेको, निदान चिप तरी बघा! टेराफ्लॉप्स बघा, बँडविड्थ बघा! सोनीच्या पीएस५ समोर हा म्हणजे..."

"झालं पारायण सुरू," माधवी म्हणाली. टेराफ्लॉप म्हणजे चिपच्या वेगाचं माप, आणि प्रशांतला आम्ही टेराफ्लॉपच म्हणतो. त्यात प्रेम किती आणि वैताग किती, ते विचारू नका.

"मला एवढंच सांग," माधवी पुढे म्हणाली. "२००६ मध्ये निन्टेंडोचा वी आला, तेव्हा सोनीच्या पीएस३ पुढे त्याची ताकद किती होती?"

"ताकद कसली? एचडीसुद्धा नव्हता तो!"

"आणि खपला किती?"

प्रशांत छपराकडे बघायला लागला. १० कोटींच्या वर, हे त्याला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक.

"ती एक लाट होती गं. आज्या नि आजोबा हात हलवून बॉलिंग खेळायचे. ते काय गेमर?"

"मग आज्यांचे पैसे निन्टेंडोने परत करायला हवे होते का?"

बापू एवढ्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. सावरल्यावर त्यालाच शंका आली, "पण मग वीनंतरचा वी यू का आपटला? मारिओ तर तोच होता."

"कारण नवीन कन्सोल आलाय हेच कित्येकांना कळलं नाही. जुन्या वीला जोडायची पाटी असेल, असं वाटलं त्यांना. दीड कोटीसुद्धा खपला नाही. स्विचचं बघ. टीव्हीवर खेळ, नाहीतर उचल आणि निघ. समजवायला कोणी लागलं का? पीएस२ चं तर आणखी सोपं. घरी सांगायचं, डीव्हीडी प्लेअर आणतोय."

"मी हेच सांगितलं होतं," बापू म्हणाला. "वडील अजून त्याला प्लेअरच म्हणतात."

बापूचं स्वतःचं मत म्हणजे किंमत. त्यासाठी त्याच्याकडे एकच किस्सा आहे आणि तो थांबवणं कोणाला जमलेलं नाही. मे १९९५. सेगा कंपनीचा सॅटर्न कन्सोल अमेरिकेत सप्टेंबरमध्ये यायचा ठरलेला. पण सेगाने प्रदर्शनात जाहीर केलं की माल आजच दुकानात गेलाय, ३९९ डॉलर. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! हाताशी खेळ मोजके, आणि ज्या दुकानांना माल दिला नाही ती फुगून बसली." त्याच दिवशी सोनीचा माणूस त्यांच्या प्लेस्टेशनबद्दल बोलायला उभा राहिला. इथे बापू कट्ट्यावरून उठतो, शर्ट खाली ओढतो, "टू नाइन्टी नाइन" म्हणतो आणि परत येऊन बसतो. भाषण संपलं. सॅटर्नही तिथेच संपला, असं त्याचं म्हणणं. किस्सा शंभरदा ऐकलाय, तरी मजा येते.

"किमतीवरच असतं तर सेगाचा पुढचा कन्सोल, ड्रीमकास्ट, का मेला?" प्रशांतला जोर चढला. "१९९ ला होता! पीएस२ तर २९९ ला आला!"

मुद्दा बरा होता, हे मान्य करायला हवं. पण माधवी तयारच होती. "सॅटर्नवर हात पोळलेले लोक सेगावर पुन्हा विश्वास कसा ठेवणार? वर ईएसारख्या मोठ्या गेम कंपनीने त्यावर एक खेळ काढला नाही. उद्या यावर काही येणार आहे की नाही, हे आधी बघतात रे. नुसता स्वस्त डबा कोण घेईल?"

"पीएस३ सुद्धा शेवटी ८ कोटींच्या पुढे गेलाच ना? ताकदीवर!"

"५९९ वरून खाली उतरल्यावर. आणि तू ताकदीचं बोलूच नकोस. ब्लू-रेपुढे हरलेल्या त्या एचडी डीव्हीडी डिस्कचा ड्राइव्ह कोणी घेतला होता?"

"तो विषय वेगळा आहे."

"वेगळा कसा? कंपन्यांनी तुला आधी विचारावं. तू हो म्हणालास की ते यंत्र रद्द करावं."

"तेव्हा ब्लू-रे जिंकेल असं कोणालाच..."

"किती सिनेमे बघितलेस त्यावर?"

"दोन," प्रशांत पुटपुटला.

"त्यातला एक माझा होता," बापू म्हणाला. "आण तो परत."

"आधी तू माझा कंट्रोलर आण! उजवी काडी मोडून दुसऱ्याच्या घरी ठेवून आलायस!"

"काडी आधीच मोडली होती."

"माझ्याकडे होता तेव्हा धड होता," माधवी म्हणाली, आणि मग तिघेही एकदम बोलायला लागले.