शिकागोत कपोनचं काय उरलंय?

दाऊदच्या एखाद्या मालमत्तेचा लिलाव निघाला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जमीनदोस्त करा, नामोनिशाण ठेवू नका. दुसरा म्हणतो, अरे, हाही शहराचा इतिहासच आहे, तो असा पुसता येतो का? २०१५ साली मुंबईत पाकमोडिया स्ट्रीटवरच्या ‘रौनक अफरोज’ हॉटेलसाठी एका पत्रकाराने ४.२८ कोटींची बोली लावली, पण पैसे काही उभे राहिले नाहीत. २०१७ मध्ये एका स्वामींनी तिथे सार्वजनिक शौचालय बांधू, असं जाहीर केलं. शेवटी ते हॉटेल भेंडीबाजाराचा पुनर्विकास करणाऱ्या ट्रस्टने घेतलं. २०२४ च्या जानेवारीत तर कमालच झाली. खेड तालुक्यातल्या मुंबके गावातला जमिनीचा एक तुकडा, राखीव किंमत १५,४४० रुपये, तब्बल दोन कोटी एक लाखाला गेला.

आणि दर वेळी कुणीतरी मला टॅग करून म्हणतं, “बघ, तुमच्या शिकागोत त्या गुंडांच्या म्होरक्याचं, अल कपोनचं, सगळं कसं जपून ठेवलंय!”

कुठे ठेवलंय?

इकडे येणाऱ्या पाहुण्यांचीही हीच फर्माईश असते. विवेकानंदांची जागा बघून झाली की काका हळूच विचारतात, “तो कपोन कुठे बसायचा रे?” त्यापायी मी त्याच्या जुन्या हॉटेलांचा माग काढायला लागलो, आणि हाती काय लागलं तर एकामागून एक रिकामे कोपरे. ज्या कलोसिमोच्या पदरी कपोनच्या टोळीचा जम बसला, त्याचा १९२० साली त्याच्याच रेस्टॉरंटमध्ये खून झाला. ते रेस्टॉरंट गेलं. कपोनने मुक्काम ठोकलेलं मेट्रोपोल हॉटेल १९७५ मध्ये पाडलं. सिसेरो या लगतच्या गावातल्या हॉथॉर्न हॉटेलवर १९२६ च्या सप्टेंबरमध्ये विरोधी टोळीने भरदिवसा मोटारींच्या ताफ्यातून मशीनगन चालवल्या. कपोन तेव्हा खाली जेवत होता आणि अंगरक्षकाने त्याला जमिनीवर ढकललं म्हणून वाचला. ते हॉटेल १९७० मध्ये जळालं. १९२९ च्या व्हॅलेंटाइन डेला विरोधी टोळीतल्या माणसांना जिथे गोळ्या घातल्या, ते गॅरेजही १९६७ मध्ये पाडलं. त्याच्या भिंतीच्या विटा एका कॅनेडियन व्यापाऱ्याने विकत घेतल्या. आज ती भिंत लास वेगासच्या संग्रहालयात तिकीट लावून उभी आहे. शिकागोत ‘ग्रीन मिल’ हा बार तेवढा चालू आहे. तिथे “हे त्याचं टेबल” असं सांगतात आणि आपणही मान डोलावतो.

जीव हळहळला तो लेक्सिंग्टनसाठी. २२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं हे हॉटेल १८९२ मध्ये उभं राहिलं, ते पुढच्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनासाठी. म्हणजे ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली, त्याच जत्रेचं हे अपत्य. कपोन तिथे आला १९२८ मध्ये, ‘जॉर्ज फिलिप्स’ या नावाने, आणि १९३१ मध्ये करचुकवेगिरीत अकरा वर्षांची शिक्षा होईपर्यंत तिथूनच कारभार हाकला. पुढे हॉटेलची रया गेली, नाव बदललं, १९८० मध्ये दारं बंद झाली. १९८६ मध्ये तिथल्या तळघरातली कपोनची ‘तिजोरी’ टीव्हीवर थेट प्रक्षेपणात फोडली. पैसे निघाले तर आयकर खात्याची माणसं हजर, सांगाडे निघाले तर शवचिकित्सा अधिकारी हजर! सुमारे तीन कोटी लोक डोळे लावून बसले होते. आत माती आणि काही रिकाम्या बाटल्या. १९९५ मध्ये इमारतच पाडली.

कपोन यायच्या आधी छत्तीस वर्षं हे नुसतं हॉटेल होतं आणि जेमतेम तीन वर्षं कपोनचं. पण त्या छत्तीस वर्षांबद्दल विचारणारा पाहुणा मला अजून भेटायचाय.

मग माझ्या हाती ही माहिती आली कशी? कागदांमुळे. अमेरिकेत आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने शहराशहरांचे नकाशे काढले. विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. मजले किती, भिंत किती जाड, सगळं त्यात. इमारत बदलली की नवा नकाशा छापायचा नाही, त्या जागेपुरती दुरुस्तीची चिठ्ठी वर चिकटवायची. त्यामुळे एकेक पान थरांनी जाड झालेलं असतं आणि उजेडात तिरकं धरलं की खालच्या घराची रेघ पुसट दिसते. जोडीला १९२८-२९ ची पोल्क डिरेक्टरी, ज्यात माणसाचं नाव, धंदा आणि पत्ता एका ओळीत. कपोन लेक्सिंग्टनमध्ये राहायला आला त्याच सुमाराची ही जाडजूड डिरेक्टरी. तिच्यात वेटर आहेत, आचारी आहेत, लिफ्ट चालवणारे आहेत. त्यांच्यावर कुणी सहलीची बस काढत नाही.

सहलीच्या बसवरून आठवलं. कपोनचं प्रेअरी अव्हेन्यूवरचं राहतं घर अजून उभं आहे. १९८९ मध्ये त्याला ऐतिहासिक दर्जा देण्याची गोष्ट निघाली तेव्हा इथल्या इटालियन मंडळींनी कडाडून विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. त्यांची चीड मला पटते. आपली ओळख एका गुंडाच्या नावाने का व्हावी? २०१९ मध्ये ते घर मागणीच्या दुपटीहून जास्त किमतीला, २ लाख २६ हजार डॉलरला विकलं गेलं. मुंबकेचा आकडा वाचला तेव्हा मला हेच आठवलं. बदनाम नावाला इकडेही भाव आहे आणि तिकडेही.

गोव्याने वेगळीच तऱ्हा केली. १९८६ च्या एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांनी पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’त चार्ल्स शोभराजला पकडलं. त्या रेस्टॉरंटने पुढे पुतळा बसवला तो शोभराजचा, टेबलाशी ऐटीत बसलेला! मला विचाराल तर हा निलाजरेपणा आहे. ज्याने पर्यटकांना औषधं चारून लुटलं आणि मारलं, त्याच्या शेजारी बसून पर्यटकांनी फोटो काढायचे.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही तटांशी माझं पटत नाही. पाडून बदला घेतल्याचं समाधान मिळतं, पण रिकाम्या जागेत दंतकथा फोफावतात. ती ‘तिजोरी’ तर नुसत्या बंद पडलेल्या इमारतीतून निघाली. आणि जपायचं म्हणाल तर शेवटी पुतळा आणि सेल्फी. इमारत राहिली काय, गेली काय, पाकमोडिया स्ट्रीटवरच्या त्या हॉटेलचा गुमास्ता परवाना कुणाच्या नावे होता, गल्ल्यावर कोण बसायचं, भटारखान्यात कोण राबायचं, दरफलकावर काय लिहिलं होतं, हे कुणी उतरवून ठेवलंय का? लिलावाच्या बातमीत बोलीचा आकडा असतो, स्वामींची घोषणा असते. यातलं काही नसतं. शिकागोने इमारती धडाधड पाडल्या, त्याबद्दल या शहराचं कौतुक करायचं मला काही कारण नाही. कागद तेवढे रद्दीत घातले नाहीत.

पुनर्विकासासाठी जुन्या भाडेकरूंच्या याद्या कराव्याच लागतात, तेव्हा भेंडीबाजाराच्याही कुठल्यातरी कपाटात त्या असणार. ग्रुपवर निम्मे जण मुंबईतच आहेत आणि दोघे तर महापालिकेतून निवृत्त झालेत. लिलावावर भांडून झालं की त्यांच्यातल्या एकाने जाऊन नुसतं विचारून यावं. झेरॉक्सचा खर्च माझा.