उलटी रेघ

"एक ओळ पुसायला पाऊण तास?" मालकांचं हे वाक्य दुपारपासून कानात घुमतंय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, कोपऱ्यात ग्लासफिशचा, म्हणजे जावातले प्रोग्रॅम चालवणारा, सर्व्हर, आणि माझ्या मागे खुर्ची ओढून बसलेले मास्तर. जन्मभर मागांवर जॉबरकी केलेला माणूस. आता त्यांचं काम एवढंच, की कोण कुठे चुकतंय ते बघायचं.

ओळ होती मॅक्सपर्मसाइझची. पर्मजेन ही मेमरीतली खोलीच जावा ८ ने २०१४ साली पाडून टाकली, पण तिचं माप जुन्या सेटिंगमध्ये तसंच राहिलं. सर्व्हर सुरू होताना 'हा पर्याय मी मानत नाही' एवढी कुरकुर करतो आणि पुढे नीट चालतो. पण मालकांना इशाऱ्याची ओळ दिसली की त्यांना जीएसटीची नोटीस आल्यासारखं होतं.

ग्लासफिशला आज्ञा देणाऱ्या एएसॲडमिनला लिस्ट-जेव्हीएम-ऑप्शन्स दिलं, म्हणजे जावाच्या पर्यायांची यादी मागितली. यादीत स्वच्छ दिसलं: -एक्सएक्स:मॅक्सपर्मसाइझ=१९२एम. तेच उचलून पर्याय काढणाऱ्या डिलीट-जेव्हीएम-ऑप्शन्सपुढे चिकटवलं. उत्तर आलं, असं काही इथे नाहीच.

"आत्ता तर दिसलं की ओ यादीत," मास्तर म्हणाले.

"कोलनमुळे, मास्तर. एका दमात चार पर्याय काढायचे तर मध्ये कोलन घालतात. त्याला वाटलं मी दोन काढायला सांगतोय. एक एक्सएक्स, दुसरा मॅक्सपर्मसाइझ."

"आणि नावातच कोलन असलं तर?"

गप्प बसलो. एक्सएक्सचा एकेक पर्याय कोलन घेऊनच जन्माला येतो.

"आम्ही कांडीवर रंगाची खूण करतो," मास्तर म्हणाले. "पण सूत लाल असलं तर खूण बी लालच कोण करतंय?"

जगातल्या कुठल्याही मॅन्युअलात हा मुद्दा इतका नेमका मांडलेला नसेल. उपाय असा, की कोलनच्या आधी एक उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, मारायची आणि सगळं एकेरी अवतरणात ठेवायचं. अवतरण नको असेल तर रेघा दोन, कारण पहिली शेलच, म्हणजे आज्ञा आधी वाचणारा प्रोग्रॅम, वाटेत खातो.

"जकात नाका," मास्तरांनी मान डोलावली. "एक पोतं नाक्यावर, एक घरी."

यादी दाखवताना मात्र रेघ गायब. म्हणजे दाखवायचं एक आणि मागायचं दुसरंच. आकड्यातही सूट नाही. १९२एमच्या जागी २५६एम लिहिलंत तर तो पर्याय ओळखतच नाही.

"सर्व्हर बंद करून काढा की," मास्तर म्हणाले. "सूत तुटलं की आधी माग थांबवतो आम्ही."

इथे उलटं आहे. ही आज्ञा ४८४८ पोर्टावरच्या चालू सर्व्हरशी बोलते, म्हणून सर्व्हर जिवंतच लागतो. आता समजा एक्सएमएक्स ५१२एम असताना कुणी शहाण्याने एक्सएमएस १जी करून ठेवलं. सुरुवातीचा हीप, म्हणजे जावाला कामासाठी दिलेली मेमरी, कमाल हीपपेक्षा मोठा, जावा उठतच नाही. ज्या ओळीने सर्व्हर मेला ती काढायला सर्व्हरच जिवंत हवा! मग डोमेन डॉट एक्सएमएल ही सेटिंगची फाइल हाताने उघडा. आधी त्याची एक प्रत काढा, आणि तिथे ती उलटी रेघ चुकूनही घालू नका. शिवाय जावा-कॉन्फिग, म्हणजे या पर्यायांचा भाग, त्या फाइलीत दोनदा असतं, सर्व्हर-कॉन्फिगमध्ये आणि डिफॉल्ट-कॉन्फिगमध्ये. पहिल्यातलं बदलायचं. दुसऱ्यात बदलून 'काहीच होईना' म्हणत बसलेली माणसं मी पाहिलीत, आणि त्यांना हसण्याची माझी लायकी नाही.

रेघ घातली. एक पर्याय काढला, असं उत्तर आलं. पण जावा हे पर्याय उठतानाच वाचते, म्हणून सर्व्हर बंद करून परत सुरू: स्टॉप-डोमेन, स्टार्ट-डोमेन. तेवढ्यात गोदामात लेबलं छापायची थांबली आणि तिथून आरडाओरडा सुरू झाला.

"आता काय बदललं?" मास्तरांनी विचारलं.

"ती कुरकुरीची ओळ येणार नाही."

"आणि सर्व्हर?"

"आधी चालायचा तसाच."

मास्तर उठले, खुर्ची जागेवर नेऊन ठेवली आणि मालकांच्या केबिनकडे निघाले. बिल अजून मंजूर झालेलं नाही.