‘लॅक्टिक आलं’ म्हणणाऱ्यांची बाजू

सर, शास्त्रीय शब्द लोक रोजच्या बोलण्यात कसे वापरतात यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा की शास्त्रीय शब्दाला एकच अर्थ असतो, जिमवाले आणि ‘अल्फा’वाले (स्वतःला कळपाचा म्होरक्या पुरुष म्हणवणारे) तो नासवतात, आणि मी त्यांची वकिली करते. यातलं निम्मं मला मान्य आहे.

आधी न पटलेलं सांगते. तुम्ही विज्ञान शिकवता, म्हणून ‘कार्य’ घेऊ. पन्नास किलोचं पोतं डोक्यावर घेऊन माणूस तासभर एका जागी उभा राहिला, घामाने निथळला, मान आखडली, तरी पुस्तकाच्या हिशेबाने त्याने पोत्यावर केलेलं कार्य शून्य. काम हा शब्द लोकांचाच होता. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसने १८२९ मध्ये तो उचलून बल आणि विस्थापन (वस्तू किती सरकली ते) यांच्या गुणाकाराला दिला. विज्ञानाने शब्द उसना घेतला तर ती व्याख्या आणि जिमने घेतला तर नासाडी, हे काही मला पटत नाही.

जिममध्ये मी रोज ऐकते. शेवटच्या सेटला मांड्या पेटल्या की मुलं ओरडतात, ‘लॅक्टिक आलं!’ म्हणजे लॅक्टिक ॲसिड, जोरदार व्यायामात स्नायूंत तयार होतं म्हणतात ते आम्ल. ट्रेनर म्हणतो, ‘येऊ दे, अजून दोन मार.’ जळजळ सुरू झालीय, इजा नाही, अजून रेटता येईल, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं आणि तिथल्या प्रत्येकाला कळतं. ती जळजळ एकट्या लॅक्टिक ॲसिडची नसते, खरंय. पण तिथे कोणी रसायनशास्त्र सांगतच नसतं.

तोच मुलगा दोन दिवसांनी जिना उतरताना कण्हतो आणि त्याला सांगितलं जातं, ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, मसाजने बाहेर काढू.’ इथे मी पूर्ण तुमच्या बाजूची. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) पूर्वपदावर येतं. हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं सवय नसलेल्या ताणाने स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजेशी जोडलेलं असतं. प्रयोगशाळेच्या नावावर पैसे घ्यायचे असतील, तर पुरावाही तिथलाच द्यायला हवा. हे मूळ लेखात यायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं.

‘अल्फा’ची गोष्ट वेगळी आहे. प्राणी-वर्तनाचे अभ्यासक शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांवरून वर्चस्वाच्या उतरंडीचं चित्र मांडलं, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते सर्वदूर नेलं. पुढे १९९९ मध्ये मीच यांनीच लिहिलं की रानातला कळप बहुधा एक कुटुंब असतो. ज्यांना अल्फा म्हणतो ते आई-बाप. म्हणजे ‘अल्फा’वाल्यांनी अर्थ वाकवलेला नाही, विज्ञानाने टाकून दिलेला अर्थ ते अजून धरून बसलेत. मग एकच अर्थ म्हणताना कुठल्या सालचा धरायचा?

पेपरात कोणी जिममधला अर्थ लिहिला तर गुण द्यायचे का, असं तुम्ही विचारलंय. नका देऊ. पण पेपर परत देताना त्या मुलाला विचारा, सेटमध्ये जळतं ते किती वेळात थांबतं, आणि दोन दिवसांनी दुखतं ते तेच आहे का. स्वतःच्या मांडीवरून त्याला सांगता येईल.